गरोदरपणात दिसलेली किडनीची सूज नंतर कुठे हरवते? दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

स.न.वि.वि.

आपण दोघेही आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचे. एकजण राधानगरीतून निवडून येता, एकजण कागलातून. प्राथमिक आरोग्य केंद्रे, आशाताई, अंगणवाडी-शाळांत मुलांना तपासणारी पथके आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना हे सगळे एका खात्याकडे. सीपीआर हे इथले मोठे सरकारी रुग्णालय आणि शेंडा पार्कात होऊ घातलेले ११०० खाटांचे रुग्णालय दुसऱ्या खात्याकडे. ज्या आजाराबद्दल लिहितो आहे तो नेमका या दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडतो, म्हणून पत्र दोघांना मिळून लिहिले आहे. पुन्हा ही दोन्ही खाती एकाच वेळी कोल्हापूरकडे कधी येतील सांगता येत नाही.

मी डॉक्टर नाही. बी.फार्म. केले आणि दसरा चौकाच्या आसपास औषधाचे दुकान टाकले. दुकानात औषधांइतकेच रिपोर्टही येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढून काउंटरवर ठेवायची आणि 'ह्यात काय लिवलंय बघा की ओ' म्हणायचे, ही आमच्याकडची रीत आहे. त्या फाइलींत एक ओळ मी बऱ्याचदा वाचली आहे. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत लिहिलेले असते की बाळाच्या डाव्या किडनीला सौम्य हायड्रोनेफ्रोसिस (लघवी साठून आलेली सूज), जन्मानंतर पुन्हा तपासावे. ती ओळ वाचून दाखवली की बाळाची आजी म्हणते, 'पण बाळ तर आता तीन वर्षांचं झालंय.'

आधी आजार काय तो थोडक्यात सांगतो. किडनीत तयार झालेली लघवी किडनीच्याच मधल्या पिशवीत जमते आणि तिथून बारीक नळीने मूत्राशयात उतरते. पिशवी आणि नळी यांचा सांधा काही बाळांत जन्मतःच अरुंद असतो, किंवा तिथला तुकडा लघवी पुढे ढकलण्याचे काम करत नाही. काही मुलांत किडनीच्या खालच्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी त्या सांध्यावरून आडवी जाते आणि नळी दाबली जाते. हा प्रकार जरा मोठ्या मुलांत जास्त सापडतो. डॉक्टर याला पीयूजे ऑब्स्ट्रक्शन म्हणतात, घरी 'किडनीत पाणी झालंय' म्हणतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढायचे राहिले की पाणी मागे फुगून काठच्या शेतात शिरते, तसे हे आहे. लघवी मागे फुगते आणि दाब किडनीच्या कामाच्या भागावर येतो. साधारण हजार ते दीड हजार बाळांमागे एकाला हा त्रास असतो. मुलींपेक्षा मुलांत आणि उजवीपेक्षा डाव्या बाजूला जास्त.

आता यातली खरी मेख. सोनोग्राफीत दिसलेली प्रत्येक सूज म्हणजे अडथळा नसतो. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत बाळाच्या किडनीला थोडीफार सूज दिसते आणि त्यातल्या बहुतेक बाळांची ती आपोआप उतरते. अडथळा असलेल्यांतही अनेकांना ऑपरेशन लागत नाही, लक्ष ठेवले की पुरते. म्हणजे उपचाराचा मोठा भाग वाट पाहण्याचा आहे, पण ती वाट ठरावीक तारखांना, तपासण्या करत पाहायची असते. जन्मल्याबरोबर पहिल्या दोन दिवसांत सोनोग्राफी केली तर बाळाच्या अंगात पाणी कमी असल्याने सूज असते त्यापेक्षा कमी दिसू शकते. म्हणून साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी करतात आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा. दोन्ही किडन्यांना सूज असेल, एकच किडनी असेल किंवा मुलाच्या मूत्रमार्गात लघवी अडवणाऱ्या पडद्याची शंका असेल, तर मात्र थांबायचे नसते.

सूज मोठी असेल तर पुढची पायरी रिनोग्राम, म्हणजे किडनीचा स्कॅन. शिरेतून अगदी थोडे किरणोत्सर्गी द्रव्य देतात, वर लघवी वाढवणारे इंजेक्शन देतात आणि कॅमेऱ्याखाली दोन गोष्टी मोजतात. एक, प्रत्येक किडनी एकूण कामातला किती वाटा उचलते. दोन, पिशवी किती वेळात रिकामी होते. दोन्ही किडन्या धडधाकट असतील तर काम निम्मे-निम्मे असते. सूजलेल्या किडनीचा वाटा ४० टक्क्यांखाली गेला, किंवा एका स्कॅनपासून दुसऱ्यापर्यंत ठळक घसरला, सूज वाढत गेली, वारंवार जंतुसंसर्ग किंवा दुखणे सुरू झाले, तर ऑपरेशन. या सगळ्या काळात बाळ हसते, खेळते, दूध पिते. आजारी दिसत नाही. म्हणूनच फाइल कपाटात जाते.

आमच्या भागात फाइल हरवण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मंत्रालयात बसून सुचणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी. सोनोग्राफी सासरच्या गावी झालेली, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, बाळाचे डोस अर्धे इथे अर्धे तिथे. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी लिहिले, प्रसूतीच्या डॉक्टरांनी आईला पाहिले, बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पाहिले. तिघांनी आपापले काम केले, पण ती एक ओळ एकाकडून दुसऱ्याकडे नेणारे कोणी नव्हते.

माझ्या मेहुणीच्या मुलाचे हेच झाले. सासर इचलकरंजी, नवरा सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला. माहेर आजरा तालुक्यात. सोनोग्राफीचा कागद इचलकरंजीत राहिला. पोरगा चार वर्षांचा होईपर्यंत कुणाला काही कळले नाही. मग अधूनमधून पोटात कळ येऊन वांत्या सुरू झाल्या. पोराला दुखते कुठे विचारले तर बोट बेंबीवर. एक-दोन दिवसांत सगळे शांत आणि पोरगा पुन्हा अंगणात. जंताचे औषध झाले, आंबट बंद झाले, दृष्ट काढून झाली. एका दवाखान्यात (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) दुखणे थांबल्यावर सोनोग्राफी केली आणि 'थोडी सूज आहे, काही विशेष नाही' म्हणून पाठवून दिले. या आजारात काही मुलांत दुखणे सुरू असताना पिशवी फुगते आणि दुखणे गेले की बऱ्यापैकी ओसरते, हे तिथे कुणाच्या लक्षात आले नाही. अखेर कळ आलेली असतानाच सोनोग्राफी झाली आणि मग स्कॅन. डाव्या किडनीचा वाटा २८ टक्क्यांवर आला होता. कोल्हापूरबाहेर एका रुग्णालयात दुर्बिणीने ऑपरेशन झाले. रक्तवाहिनीच आडवी गेलेली निघाली. पोरगा आता ठणठणीत आहे, पण नंतरच्या स्कॅनमध्येही तो वाटा तिशीच्या आतच राहिला. घसरण थांबली एवढेच.

ऑपरेशनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मागणी करताना आपण सगळे तिथेच घसरतो. याला पायलोप्लास्टी म्हणतात. अरुंद सांधा कापून काढायचा आणि पिशवी व नळी नव्याने ऐसपैस जोडायची. ही पद्धत अँडरसन आणि हाइन्स या दोन इंग्लिश सर्जननी १९४९ मध्ये मांडली आणि आजही मूळ ऑपरेशन तेच आहे. बदलला तो आत शिरायचा रस्ता. आधी बरगडीखाली चिरा घेऊन करत. १९९३ मध्ये मोठ्यांत ते दुर्बिणीने करून दाखवले गेले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मुलांतही. आता पोटावर तीन बारीक छिद्रे, त्यातून ३ किंवा ५ मिलिमीटर जाडीची हत्यारे, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून केलेली जागा, आणि त्या जागेत केसाएवढ्या धाग्याने घातलेले टाके. सांधा भरून येईपर्यंत आत एक मऊ नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती साधारण चार ते सहा आठवड्यांनी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून काढतात. त्यासाठी मुलाला पुन्हा थोडी भूल द्यावी लागते.

सरावलेल्या हातांत हे ऑपरेशन, चिरा घेऊन करा नाहीतर दुर्बिणीने, शंभरात नव्वदहून जास्त मुलांत यशस्वी होते. दुर्बिणीचा फायदा मोठ्या मुलांत स्पष्ट दिसतो. दुखणे कमी, दवाखान्यातले दिवस कमी, शाळेत लवकर जाता येते, व्रण जवळपास दिसत नाही. पण सहा महिन्यांच्या बाळात चिराच मुळात दोन बोटांचा असतो आणि बाळ तसेही लवकर सावरते. तिथे दोन्हींतला फरक फार उरत नाही. उलट एवढ्याशा पोटात हत्यारे फिरवायला जागाच नसते, वायूचा दाब जपून ठेवावा लागतो आणि भूल देणारा माणूस लहान बाळांना भूल देण्यात मुरलेला लागतो. 'दुर्बिणीने करतो तोच चांगला डॉक्टर' ही समजूत माझ्या दुकानात रोज ऐकू येते. ती अर्धवट आहे. कुठल्या मुलाला कुठला रस्ता, हे ठरवणारा आणि दोन्ही रस्ते येणारा सर्जन तो चांगला.

म्हणून आमची पहिली मागणी रोबोची नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण शेंडा पार्कातल्या इमारतीचे काम पुढे सरकेल तशी यंत्रांची यादी होईल आणि यादीत सगळ्यांत आधी रोबो दिसेल. त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येते, फोटो येतो. बालभूलतज्ज्ञाचे पद भरले म्हणून कुणी फीत कापत नाही. रोबोने टाके घालणे सोपे होते हे खरे, मोठ्या मुलांत तो उपयोगीही आहे. पण त्याची किंमत, दरवर्षीची देखभाल आणि दरवेळी बदलायची हत्यारे बघता या आजारासाठी तो पहिल्या खरेदीत बसत नाही. त्याआधी ३ मिलिमीटरच्या हत्यारांचे दोन पूर्ण संच, लहान मुलांची सिस्टोस्कोपी (लघवीच्या वाटेने घालायची दुर्बीण), बालशल्यचिकित्सेचे भरलेले पद, लहान मुलांच्या भुलीत तयार झालेले दोघे भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशननंतर बाळ ठेवायला चार खाटा. हे आधी द्या, रोबोचे नंतर बघू.

आणि हे जिल्ह्यात एकाच ठिकाणी द्या. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात नको. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. वर्षाला पन्नासेक हजार जन्म धरले तर हा आजार असलेली मुले तीस ते पन्नास आणि त्यातली ऑपरेशन लागणारी त्याहूनही कमी. एवढी मुले चार ठिकाणी वाटली तर एकाचाही हात बसणार नाही. दुर्बिणीतून टाके घालणे हे सरावाचे काम आहे. सगळी मुले एका ठिकाणी आली, शेजारच्या सिंधुदुर्गातली आणि सांगलीतली त्यात मिळाली, तर एक चांगला विभाग उभा राहतो आणि तिथे शिकणारे पुढचे सर्जनही तयार होतात.

आता पैशांचे. महात्मा फुले योजनेत ही शस्त्रक्रिया बसते, संरक्षणही दीड लाखावरून पाच लाखांवर नेले, याबद्दल शासनाचे आभार. पण योजना भरती झालेल्या रुग्णाची आहे. या आजारात ऑपरेशन ठरेपर्यंत वर्ष-दोन वर्षे बाहेरूनच तपासण्या चालतात. सोनोग्राफी, लघवीचे कल्चर, स्कॅन, पुन्हा सोनोग्राफी. ज्या मुलाला ऑपरेशन लागतच नाही, म्हणजे ज्याचे सगळ्यांत चांगले झाले, त्याच्या बापाला सगळा खर्च खिशातून. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात तपासण्या मोफत आहेत. पण हे बाळ कुणाला आजारी वाटत नाही आणि वर्ष उलटले तरी त्याचे लक्ष ठेवणे संपत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. म्हणजे किडनीचा स्कॅन आणि बालशल्यचिकित्सक जिथे मिळण्याची शक्यता जास्त, नेमके तेच रुग्णालय त्या सवलतीबाहेर. फट म्हणतो ती हीच. दोन मंत्र्यांनी एका टेबलावर बसून मिटवण्यासारखी आहे.

स्कॅनचेही एक व्यावहारिक गणित आहे. त्यासाठी लागणारे टेक्निशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य सहा तासांत निम्मे होते. माझ्या दुकानातल्या गोळ्यांसारखे ते कपाटात ठेवता येत नाही. त्यामुळे एकेका मुलाला वेगवेगळ्या दिवशी बोलावणे सगळ्यांनाच महाग पडते. महिन्यातले दोन ठरलेले दिवस लहान मुलांच्या किडनी स्कॅनचे ठेवा. शासनाकडे स्वतःची सोय जिथे नसेल तिथे शहरातल्या खासगी केंद्राशी दर ठरवून करार करा. त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकांची ओपीडी ठेवा. चंदगडहून पहाटेच्या एसटीने निघालेल्या बाईला एका दिवसात स्कॅन, डॉक्टर आणि पुढची तारीख तिन्ही मिळाले तर ती पुन्हा येईल. नाहीतर मजुरी बुडवून कोण येतो?

पण हे सगळे पुढचे. मूळ गळती आहे ती गरोदरपणातल्या सोनोग्राफीपासून बाळ सात दिवसांचे होईपर्यंत. ती बुजवायला पैसे जवळपास लागतच नाहीत. प्रत्येक गरोदर बाईकडे माता-बाल संरक्षण कार्ड असते. सासरी असो वा माहेरी, लसीकरणासाठी ते तिच्याबरोबर फिरते. सोनोग्राफीत बाळाच्या किडनीला सूज दिसली की त्याच कार्डावर मराठीत शिक्का मारावा: 'बाळाची किडनी: जन्मानंतर ५ ते ७ दिवसांनी सोनोग्राफी करावी.' खाली बाजू आणि सही. आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातातच. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सातव्या दिवशी त्यांनी कार्ड उघडून शिक्का पाहायचा, सोनोग्राफी झाली का विचारायचे. बेचाळिसाव्या दिवशी दुसऱ्यांदा विचारायचे. आधीच आशाताईंच्या डोक्यावर कामे आणि रजिस्टरे भरपूर आहेत, मानधनाची रडगाणी आम्हीही ऐकतो. पण यासाठी नवी फेरी नको, नवे रजिस्टर नको. आहे त्या भेटीत एक प्रश्न.

सोनोग्राफी केंद्रे हे करतील का, अशी शंका कुणी काढेल. या जिल्ह्याने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली उरल्या होत्या, आपली मान खाली गेली होती. त्यानंतर याच जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवून प्रत्येक तपासणीवर नजर ठेवायची पद्धत आणली. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याने भरावाच लागतो. जो जिल्हा यंत्रामागे काय चालते हे तपासू शकतो, त्याला यंत्राने सांगितलेली एक कामाची गोष्ट कार्डावर उतरवून घेणे जड नाही. बाळाचे लिंग सांगायचे नाही एवढे आमच्या लोकांना आता पक्के कळले आहे. बाळाची किडनी सांगायची असते, हेही कळू दे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या मूळ ३० आजारांच्या यादीत नऊ जन्मजात दोष आहेत. दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, हृदयाचे दोष वगैरे. मूत्रपिंडाचा एकही नाही. यादी केली त्यांनी डोळ्याला दिसणाऱ्या आणि हाताला लागणाऱ्या गोष्टी आधी घेतल्या असाव्यात, ते समजू शकतो. पण अंगणवाडीतल्या पथकाच्या डॉक्टरांनी पोट दुखणाऱ्या मुलाच्या आईला 'पोटात असताना सोनोग्राफीत काही सांगितलं होतं का?' एवढे विचारले, तरी राहून गेलेली काही मुले सापडतील. केंद्राची यादी बदलेल तेव्हा बदलेल, राज्याला आपल्या पथकांच्या तपासणी तक्त्यात एक ओळ वाढवता येते.

एक शेवटची बाब, जी चर्चेत येत नाही. तो स्टेंट. ऑपरेशन झाले, पोरगा खेळायला लागला, घरच्यांना वाटते सगळे झाले. आत नळी आहे हे विसरले जाते. महिनोन्महिने राहिलेल्या नळीवर क्षार चढतात, ती अडकते, जंतुसंसर्ग होतो आणि मग ती काढायलाच मोठे ऑपरेशन लागू शकते. ज्या रुग्णालयात योजनेतून स्टेंट बसेल तिथे त्याची नोंदवही असावी आणि काढायच्या तारखेआधी आरोग्यमित्राने (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाने) घरी फोन करावा. तारीख उलटली तर गावच्या आरोग्य केंद्राला कळवावे. डिस्चार्जच्या कागदावर ही तारीख मोठ्या अक्षरात, मराठीत हवी. ऑपरेशननंतरच्या सोनोग्राफी आणि स्कॅनच्या तारखाही तिथेच. वर्षाअखेरीस किती मुले आली, कितींना ऑपरेशन लागले, कितींचे दुसऱ्यांदा करावे लागले, किती पुढच्या तपासणीला आलीच नाहीत, हे आकडे जाहीर करावेत. कोल्हापूरकर आकडे बघून विश्वास ठेवतो. मग आमची माणसे 'पुण्याला नेऊ का?' असे काउंटरवर विचारायची थांबतील.

सर्जन, हत्यारे, पदे यांना वेळ लागेल हे आम्ही जाणतो. शिक्क्याला लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात जिल्हाभर गरोदर बायकांची तपासणी होते. येत्या ९ तारखेच्या आत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एक परिपत्रक गेले, तर त्या दिवसापासून कार्डावर शिक्का पडू शकतो. मजकुराचा नमुना वर दिलाच आहे. तालुक्यांना वाटायला रबरी शिक्के करून हवे असतील तर ते आम्ही शहरातले औषध दुकानदार मिळून करून देऊ.

आपला,
दसरा चौक परिसरातील एक औषध विक्रेता,
कोल्हापूर